नाही जमलं

नांदेड,
७ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
मृण्मयीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून हे लिहून विचारते आहे. कानाचं यंत्र कपाटात ठेवल्यावर ऐकू येणार कसं, हे बाबांनी लिहायला सांगितलं. लिहिलं.

काकांनी सुचवलेलं स्थळ, म्हणजे सर्वेश, मागच्या महिन्यात येऊन गेले. पोहे झाले, मोठ्यांचं पाऊसपाण्यावर बोलून झालं आणि आम्हाला गच्चीवर अर्धा तास देण्यात आला. ते लातुरात नीटच्या क्लासला फिजिक्स शिकवतात हे मला ठाऊक होतं. मी अर्धापूरच्या लॅबमध्ये बाटल्यांत केळीची रोपं वाढवते हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे बोलायचं काय, हा प्रश्नच होता. थोडा वेळ पाण्याच्या टाकीकडे बघून झाल्यावर त्यांनी एका जपानी मालिकेचं नाव काढलं आणि खालून हाक येईपर्यंत ते थांबले नाहीत. चित्रांची मालिका असते, पण मोठ्यांसाठी. त्याला ॲनिमे म्हणतात. ही जगभर नावाजलेली आहे म्हणे. ती बघितलीत म्हणजे मी कसा आहे ते तुम्हाला कळेल, असं ते म्हणाले.

मराठीत नाव 'वारा आणायला गेलेले' असं काहीतरी होईल. एका गावातला वारा एके दिवशी बंद पडतो आणि गावकरी तो शोधून आणायचं ठरवतात. आत्या, माझे नऊ भाग बघून झाले, ते अजून ठरवूनच राहिलेत. एक आख्खा भाग चपला शिवण्यात गेला. चित्रं फार सुंदर आहेत. मला झोप फार छान लागते.

ज्याला विचारावं तो सांगतो, सतराव्या भागापासून सोडवत नाही. लॅबमधली तनुजा तर नुसतं सतरावा म्हटलं की डोळे पुसते. सर्वेश दर रविवारी मेसेज करून कुठवर आलं विचारतात आणि मी छान चाललंय म्हणते.

इकडे सगळे माझ्या उत्तराची वाट बघताहेत. माणूस नावडला नाही. पण हो म्हणण्यासारखं अजून काही झालेलंही नाही. आई म्हणते, गोडी पुढे लागते. ती मालिकेबद्दल बोलत नव्हती. मला भीती एवढीच वाटते की या माणसासमोर जन्मभर छान चाललंय म्हणत बसावं लागेल. बघत राहू, की सोडू? तू सांगशील ते करते.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असावं.

तुझी,
मृण्मयी



लातूर,
१३ जानेवारी २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र कपाटात नाही, फ्रिजवर आहे, हे तुझ्या बाबांना कळव.

तुझं पत्र वाचून म्हटलं, आधी आपण बघावं, मग बोलावं. धडा न वाचता लिहिलेली उत्तरं मी जन्मभर तपासली. तसलं उत्तर मला द्यायचं नाही. टीव्हीवर ते लावायचं कसं, हे तुझ्या काकांना विचारलं, तर त्यांनी सर्वेशलाच फोन करून बोलावलं. तो क्लास सुटल्यावर आला. लावून दिलं, जपानी बोलणं हिंदीत करून दिलं, आणि जेवायला बस म्हटलं तर आढेवेढे न घेता बसला. भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली. तुझा विषय काढला नाही. फक्त जाताना चपला घालता घालता विचारलं, की त्यांना आवडतेय ना. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

आता मालिका. मला आवडली. चपलांच्या भागात ती म्हातारी सगळ्यांच्या चपला शिवते आणि स्वतःच्या तेवढ्या शिवत नाही, कारण तिला जायचंच नसतं. हे तुझ्या लक्षात आलं का? नसेल आलं तर बिघडत नाही, तू झोपली असशील. मी तर आता यंत्र मालिकेपुरतं कानात घालते. तुझे काका पहिल्याच भागातून उठले. गावातला वारा बंद पडला तर आधी तहसीलला अर्ज द्यायला पाहिजे होता, असं त्यांचं म्हणणं आहे.

तू अजून थोडी बघ. नाही जमलं तर सरळ तसं कळव, भीड ठेवू नकोस. संक्रांत झाली की मी उदगीरला शरणम्माकडे जाणार आहे. माझ्याबरोबर शाळेत होती ती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, थोडे दिवस राहीन म्हणते.

तिळगूळ सोबत आहे. थोडा वाटेत फुटेल, तो बाबांना दे. माझी माया तुझ्यावर आहे हे दरवेळी लिहायला नको.

तुझी आत्या,
सौदामिनी



(पोस्टकार्ड)
नांदेड,
२२ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास शि. सा. न. वि. वि.

घाईत कार्ड टाकते. नाही जमलं. मनापासून प्रयत्न केला, पण मन लागत नाही. पुढे गोडी लागेल म्हणून किती ओढायचं? आता बंद करते. लगेच हलकं वाटलं. सर्वेशना माझ्याच्याने सांगवत नाही. काकांनी त्यांच्या कानावर घातलं तर बरं. राग मानू नका म्हणावं.

मृण्मयी



लातूर,
२५ जानेवारी २०२५

चि. मृण्मयीस,
रेणुकादास यांचे आशीर्वाद.

तुझे कार्ड काल प्राप्त झाले. तुझी आत्या उदगीरला आहे. कार्ड उघडेच असल्याने वाचले गेले. मजकूर स्पष्ट होता, सबब कुणाची वाट न बघता त्याच संध्याकाळी कार्यवाही पूर्ण केली.

सर्वेशच्या घरी जाऊन, योग दिसत नाही, असे कळवले. नाही जमलं, हे तुझे शब्द मुलाकडच्यांना लागले असते, म्हणून योगावर ढकलले. त्याच्या आई लक्ष्मीबाई यांनी चहा ठेवला होता. तो त्यांनी उतरवला व परत चढवला नाही. वडील पेपर वाचत राहिले. पेपर सकाळचा होता. सर्वेश जेवत होता. तो ठीक आहे एवढेच म्हणाला. मग ताटावरून उठला, हात धुतले आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. गल्लीत खड्डे खोदून ठेवले आहेत व दिवे नाहीत. त्याने मोबाईलची बॅटरी माझ्या पायांपुढे धरली व स्वतः खड्ड्यांच्या बाजूने चालला. कोपऱ्यावर त्याने तुझी तब्येत बरी आहे ना, असे विचारले. बरी आहे म्हणून सांगितले.

तुझ्या वडिलांना फोनने कळविले आहे. तिची मर्जी, असे ते म्हणाले.

निर्णय तुझा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तथापि नमूद करतो की, कोषागाराच्या खिडकीतून मी पुष्कळ माणसे पाहिली. हा मुलगा मला आवडला होता. मला वाईट वाटले.

कळावे. लोभ होता तेवढा कायम आहे.

तुझा काका,
रेणुकादास



नांदेड,
२८ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उदगीरहून आली असलीस तर आधी खाली बस. काकांनी माझं लग्न मोडलं.

मी मालिका बंद केल्याचं कळवलं होतं. मालिका! आणि कार्डात मालिका हा शब्दच लिहिला नाही, हे आता आठवतंय. नाही जमलं तर कळव, असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी तुझाच शब्द तुला परत पाठवला. आपल्याकडे जमणं म्हणजे लग्नच, हे केळीच्या रोपांत राहून राहून विसरले.

बाबा तीन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं घसा बसलाय, म्हणून मी मिठाचं पाणी करून दिलं. त्यांनी गुळण्या केल्यासुद्धा. आई रोज शिरा करून राहिली होती. काकांचं पत्र आलं तेव्हा उलगडा झाला.

आत्या, आता खरं सांगते. पत्र वाचून आधी वाटलं, चला, परस्पर सुटले. आता हलकं वाटेल म्हणून मी बसून राहिले. मालिका बंद केली तेव्हा लगेच वाटलं होतं. या वेळी नाही वाटलं. लॅबमध्ये रोपं बाटलीतून काढताना मुळं तुटायला लागली, शेवटी तनुजाने मला बाजूला बसवलं. ते जेवणावरून उठून काकांना सोडायला गेले, हे सारखं डोळ्यांपुढे येतं. आणि तब्येतीचं वाचून तर मला रडूच आलं. नकार देणाऱ्या मुलीची तब्येत कोण विचारतं?

काकांना परत जाऊन सांगता येईल का? मला कुणावर रागवायचं नाही, फक्त हे दुरुस्त करायचं आहे. तुमचा लोभ या घडीला मला फार लागणार आहे.

तुझी,
मृण्मयी



लातूर,
१ फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा आले. तुझं पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवलं. कार्डातला मजकूर संदिग्ध होता, असं म्हणून ते आतल्या खोलीत जाऊन बसले, ते हाका मारल्या तरी बाहेर येईनात. त्यांना फार लागलंय. तू त्यांना काही म्हणू नकोस. काल सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतःच लक्ष्मीबाईंकडे गेले. त्या बाईंनी दारातच विचारलं, की नसलेला योग आठ दिवसांत कुठून आला, आणि आमचा मुलगा म्हणजे काय मोंढ्याच्या बाजारातला माल हाय का, आज परत करायला आणि उद्या न्यायला. सर्वेश क्लासला गेला होता. त्याच्यासाठी आता उदगीरचं एक स्थळ आलंय, येत्या नऊ तारखेला बघायला जाणार आहेत. लक्ष्मीबाईंचं काही चुकलं, असं मला म्हणवत नाही.

आता गोडीचं. तुझी आई म्हणते तेच मलाही लग्नात सांगितलं होतं. मला लागली. केव्हा लागली ते विचारशील तर सांगता येणार नाही, पण लागली. शरणम्मालाही तेच सांगितलं होतं. ती सगळा संसारभर वाट बघत राहिली. निघायच्या आदल्या रात्री तिच्या पायथ्याशी बसले होते, तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं, की नवरा गेला तेव्हा ती रडली, ती आपली वर्षं वाया गेली म्हणून. मी तिचा धड पाय चेपत बसले.

म्हणून पुढे चांगलं होईल, एवढ्या एकाच भरवशावर कुणाला हो म्हणू नकोस. आज काहीतरी पाहिजे. थोडं असलं तरी चालेल. तुझ्या पत्रात मला ते दिसलं, म्हणूनच लिहिते: आता मधे कुणी नको. तूच त्याला लिही. पत्ता मागच्या बाजूला दिलाय.

सतरावा भाग बघितला. काही सांगत नाही. नाक अजून चोंदलेलं आहे.

मन घट्ट कर, आणि जेव. बाकी माया आहेच.

तुझी आत्या,
सौदामिनी



नांदेड,
४ फेब्रुवारी २०२५

श्री. सर्वेश यांस,
स. न. वि. वि.

काकांनी तुम्हाला जे कळवलं, ते मी कळवलेलं नव्हतं. मी मालिका बंद करते आहे असं कळवलं होतं. कशाबद्दल ते लिहायचं राहिलं. तुम्हाला आणि तुमच्या आईंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

मालिका मला आवडली नाही. चौदाव्या भागात थांबले. दर रविवारी छान चाललंय म्हणत होते, ते खोटं होतं. ती वाईट आहे असं म्हणत नाही, माझी आत्या तिच्यापायी रडून बसली आहे. पण माझं मन लागलं नाही आणि मी ती परत लावणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं.

ती बघून तुम्ही कसे आहात ते कळेल म्हणाला होतात. मला नाही कळलं. काकांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलात, त्यातून थोडं कळलं.

तुम्ही मला किती आवडता, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. पण तुम्ही उदगीरला जाणार हे वाचल्यापासून मला कशातच काही सुचत नाही. जाऊ नका. हे फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही ठीक आहे म्हणाला असतात आणि मला काहीच कळलं नसतं.

नाराज असाल तर तसंही लिहा. तोवर लोभ शिल्लक ठेवावा, ही विनंती.

आपली,
मृण्मयी



लातूर,
७ फेब्रुवारी २०२५

कु. मृण्मयी यांना,
शि. सा. न. वि. वि.

मी पत्र कधी लिहिलेलं नाही. वरची अक्षरं तुमच्या आत्यांना फोन करून विचारली. त्यांना काय ऐकू गेलं माहीत नाही.

काका आले त्या दिवशी मी ठीक आहे म्हणालो, ते खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये एक गणित फळ्यावर चुकलं. पुसून परत सोडवलं, परत तसंच चुकलं. मुलांनी सर तुम्ही घरी जा म्हणून सांगितलं.

गच्चीवर मी मालिकेबद्दल एवढं बोललो, कारण तुम्ही छान दिसत होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मालिका आवडते हे खरं आहे. मी कसा आहे ते तिच्यात काही नाही, ते मी घाबरून बोलून गेलो. तुम्हाला ती आवडली नाही हे वाचून वाईट वाटलं. मग खाली, जाऊ नका, असं लिहिलेलं वाचलं, आणि वाईट वाटायचं थांबलं.

पत्र आईला दाखवलं. तिला आधी लई राग आला. आपल्यापेक्षा एका मालिकेची जास्त चर्चा कशाला, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, की ही तीच का, जी तू मला दिवाळीत समोर बसवून दाखवली होतीस. हाव म्हटलं. तिने पत्र माझ्या हातातून परत घेतलं, चष्मा लावून सगळं पुन्हा वाचलं आणि मुलगी समजदार दिसते म्हणाली. उदगीरला नाही म्हणून तिनेच कळवलं. काकांना चहाला बोलवून राहिली आहे, ते अजून यायला तयार नाहीत.

रविवारी सकाळच्या बसने नांदेडला येतो. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. गप्प बसावं लागलं तर बसू. तुम्हाला मी अर्धाच तास बघितलंय, आणि त्यातही सगळं मीच बोललो. मला पुढचं बघायचंय.

हे पत्र माझ्यानंतर पोचलं तर तिथेच वाचून दाखवीन. लोभ असावा; घाई नाही.

आपला,
सर्वेश