ढावलोसाठी माईक

याडी, मी कॅमेरा घेतला. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "कायले?" तुला आपल्या बोलीत लिहावं असं मनात होतं, पण आपली बोली मी नुसती बोलले, लिहिली कधीच नाही, आणि यवतमाळला राहायला आल्यापासून बोलणंही कमीच झालंय. म्हणून मराठीत लिहितेय, फक्त याडीची आई केली नाही, आणि तुझं-मावशीचं बोलणंही मराठीतच उतरवतेय. तुला तसंही दोन्हीपैकी काही वाचता येत नव्हतं, तेव्हा रागावू नकोस.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. तुझा फोटो एकच आहे, कसल्याशा कार्डासाठी काढलेला, आणि त्यात तू फोटो काढणाऱ्यावर डोळे वटारलेस. आवाज मात्र कुठेच नाही. हल्ली मी मोबाइलवर एक चॅनल चालवते. म्हणजे असं की घाटंजीकडच्या आपल्या तांड्यातल्या बायका आपल्या बोलीत काहीबाही सांगतात, रांधून दाखवतात, आणि ते मी जगाला दाखवते. जग म्हणजे फार मोठं नाही, कामासाठी लांब गेलेली आपलीच माणसं. ती घरची हाक ऐकल्यासारखी ऐकतात. मला त्यात लग्नातला ढावलो हवा होता. तो नीट येणारी आता तुझी धाकटी बहीणच उरली, आणि तिला दोन ओळींत धाप लागते. तिचा आवाज थेट तुझ्यासारखा आहे असं सगळे म्हणतात. मला ते सांगता येत नाही, कारण तुझा आवाज मला आठवत नाही. तू काय बोलायचीस ते आठवतं, चुलीपुढे एक गुडघा वर घेऊन बसायचीस तेही आठवतं. आवाज तेवढा निसटून गेलाय. मावशीचा दम संपायच्या आत तो मला पकडून ठेवायचा होता.

स्टँडजवळच्या दुकानात गेले आणि मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यावर भाळले. त्यातून पाहिलं की मागचं सगळं विरघळतं आणि समोरचं माणूस तेवढं उजळ राहतं. मला वाटलं, आठवण अशीच तर दिसते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, कॅमेरा कायले पाह्यता? तुमचा मोबाइल चांगलाच आहे. चित्र हाललं तं लोक चालवून घेतात, आवाज फाटला तं लगेच बोट सरकवतात. आधी माईक घ्या." पण ऐकते कोण! मी कॅमेराच घेतला आणि तांड्यावर गेले. पळस फुलला होता. मावशीने पेटीच्या तळाशी ठेवलेली फेटिया-कांचळी काढून घातली, आणि कांचळीवरच्या प्रत्येक आरशात एकेक ऊन येऊन बसलं. ती फुललेल्या झाडाखाली बसली आहे, मी भिंगातून पाहतेय, आणि मला वाटतंय की आता मान वळवली की ती तू असशील. घरी येऊन लावून पाहिलं तर चित्रात मावशी राणी, आणि आवाजात वारा, कोंबड्या अन् कुणाचा तरी ट्रॅक्टर. मावशीचे नुसते ओठ हलत होते.

दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने कपड्याला लावायचा बिनतारी माईक काढला आणि विचारलं, "गाणं कशाचं आहे?" मी म्हटलं, गाणं नाही, आमच्यात मुलगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, ज्याच्या त्याच्यासाठी वेगळे शब्द जोडते, त्याला ढावलो म्हणतात. "म्हणजे रडणंच ना?" त्याने विचारलं. मग माइकावरचं एक बटण दाखवून म्हणाला, "हे दाबा. बाकीचा सारा कलकलाट काढून टाकते."

तुला शेळीची गोष्ट आठवते का गं? मी एवढीशी असेन. आपल्या काळ्या शेळीच्या गळ्यात पडून मी मोठ्या बायकांसारखा ढावलो करत होते. तू तव्यावरची भाकर तशीच टाकून बाहेर आलीस आणि पाठीत धपाटा घातलास. "जाऊन कोण राह्यलं? कोणी जात नसलं तं रडाचं नाही!" आत भाकर करपली, त्याचाही राग माझ्यावरच निघाला. मग दुपारी तीच भाकर कुस्करून, त्यावर गूळ घालून तू माझ्यापुढे ठेवलीस आणि मी खाताना माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिलीस. करपलेल्या भाकरीची ती चव अजून कधीतरी उगाच तोंडात येते, भर दुपारी, काही कारण नसताना.

तर तो माईक कॉलरला लावायचा. आता कांचळीला कॉलर कुठली! आरसे, कवड्या, शिवलेली नाणी, यांच्यात कुठेतरी चिमटा अडकवला, तर मावशीने श्वास घेतला की सगळं खुळखुळायचं. मी ते बटण दाबलं. खुळखुळ गेली, मी खूश. घरी येऊन ऐकलं तेव्हा शब्द तेवढे सुटे सुटे उरले होते. शब्दाच्या शेवटी मावशी जो लांब हेल काढते, ज्यात खरं रडणं असतं, तो त्या यंत्राने कचरा समजून झाडून टाकला होता. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की माईक पिशवीत कोंबून ठेवला.

पुन्हा तांड्यावर गेले. "मावशी, अजून एकदा गा ना." मावशी भडकलीच. "गा गा काय लावलं? ढावलो गात नसतात. त्याले गळा लागते गळा! समोर तुहं डबडं ठेवून मी कोणाले रडू? अन् जाऊन कोण राह्यलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "याडी गेली ना." तू गेलीस तेव्हा मावशी ऊसतोडीला लांब होती आणि पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, हे मला माहीत होतं. तिचं रडायचं राहून गेलंय, हे मात्र कधी लक्षातच आलं नव्हतं. तिने कांचळीवरचा माईक उपटून खाटेवर ठेवला, मी आवाज गाळायचं ते बटण बंद केलं, आणि तिने मला ओढून गळ्याशी घेतलं.

मग ते सुरू झालं. धाकटे, आता तुझी वेणी कोण घालेल, ओढ्यावर जाताना तुझं बोट कोण धरेल, माझ्या वाट्याची शेळी आता तूच सोड. हे तुझेच बोल होते, याडी. तुझ्या लग्नात तू तिच्या गळ्यात पडून रडली होतीस, तेव्हा ती परकर सावरत नुसती उभी होती म्हणे. तेच बोल तिने इतकी वर्षं जपले आणि त्या दिवशी तुला परत केले. आणि मी कोण होते मला कळेना. मी तूच आहे, सासरी निघाले आहे, धाकटी मला सोडत नाही. मी माझ्या मंडपातही आहे, जिथे डीजे वाजत होता आणि पडायला तुझा गळा नव्हता. पळसाची फुलं खाटेवर पडत होती. मावशी धापा टाकत थांबली तेव्हा मी सुरू झाले, आपल्या बोलीत. एवढे शब्द मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

चित्र काही खास आलेलं नाही. दोघींच्या पाठी दिसतात, मधूनच एक शेळी जाते. आवाज रोज एकदा लावते. ऐकून तुझा आवाज आठवला असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण नाही आठवला. ऐकताना मी तुझ्याजवळ बसलेली असते, एवढंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून हेही सांगून टाकते. चॅनलवरचे लोक विचारतात, ढावलोचं काय झालं? परवा दुकानदारानेही विचारलं. सगळ्यांना मी सांगते, माईक बिघडला होता. माईकला काही झालेलं नाही, याडी. सगळं स्वच्छ आलंय. शेवटी शेवटी त्यात कुणीतरी लहान पोरीसारखं तुला हाका मारतं, आणि ती मी आहे.