वडिलांच्या रेडिओची विल्हेवाट

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायकोचे चव्वेचाळीस वर्षे आहे, पण ते घरापुरते. या कागदाला तिने हात लावलेला नाही. डोळे अधू झाले, गुडघे गेले, कान मात्र शाबूत आहेत. आजही फोनवर नुसती घरघर ऐकून पंख्याचे कोणते बेअरिंग गेले ते सांगतो. ही बढाई नाही. पुढे याची गरज पडेल म्हणून नोंदवले.

१. राहते घर बायकोचे, तिच्यामागे मुलीचे. बाल्कनी बंद करून खोली काढायचे जावयाच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. बाल्कनी उघडीच राहील.

२. दुकान, सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि स्क्रूंचे सगळे डबे माझ्या कारागिराला. काम अर्धवट असताना "झालं" असे सव्वीस वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही. समोरच्या इलेक्ट्रिशियनकडे यातला एक स्क्रूसुद्धा जाऊ नये. "म्हातारा ठार बहिरा झालाय," असे तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो. मी ते रस्त्याच्या अलीकडून ऐकले आहे.

३. लाकडी पेटीचा जुना रेडिओ. आजोबांनी घेतला, वडिलांकडे आला, त्यांच्यामागे माझ्याकडे. हा मध्येच मुका झाला की वडील त्याच्या डोक्यावर दोनदा ठोकत, आधी तर्जनीने, मग मधल्या बोटाने, आणि तो बोलू लागे. मधले बोट वाकडे, त्यामुळे दुसरा ठोका हळू पडे. शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली, तेव्हा काही हवे असले की खाटेच्या लाकडावर तसेच ठोकत.

आज तो नव्यासारखा वाजतो. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, स्पीकरचा कागदही बदलला. तरी दुपारी तीनच्या सुमारास पेटीतून दोन ठोके येतात. दुसरा हळू. गिऱ्हाइकाला मी सांगेन, "अहो, लाकूड तापून फुगतं." पण प्लग काढून ठेवलेला रेडिओ तापत नाही. अकरा वेळा पेटी खोलली. बायको म्हणते, "द्या टाकून एकदाचा."

मी विचारले, "तुलाही ऐकू येतं?"

"मला नाही येत. मला तुमचं तोंड दिसतं."

४. हे कलम दादासाठी, म्हणजे माझ्या थोरल्या भावासाठी. लहानपणीच्या तापात त्याचे कान गेले. वडील गेले त्या दुपारी खाटेजवळ बसायची पाळी त्याची होती. तो बसल्याबसल्या झोपला, वडिलांनी ठोकले असेल, पण बहिऱ्याला काय कळणार, असे नातेवाईक आजतागायत म्हणतात. त्याच्या समोरच म्हणतात. त्याला ओठ वाचता येतात हे कोणाच्या ध्यानात नाही.

मी शेजारच्या खोलीत हाच रेडिओ उघडून बसलो होतो. आत एका ठिकाणी सोल्डर निसटलेले, एवढाच सगळा बिघाड. तो जोड पक्का झाला की वडिलांना पेटीवर पुन्हा कधी ठोकावे लागणार नव्हते. हत्यार तापले होते. तेवढ्यात खाट वाजली. मी ऐकले. म्हटले, एवढा जोड होऊ दे. पुन्हा वाजली. जोड झाला, रेडिओ बोलला, आणि मी मोठ्या आनंदाने तो दाखवायला आत गेलो.

लोकांना सांगितले, रेडिओ मोठ्यांदा चालू होता, काही ऐकू आले नाही. ठोके पडले तेव्हा तो मुका होता. वेळेवर गेलो असतो तर वडील वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचले नसते, असेही म्हणाले नाहीत.

रेडिओ दादाला द्यावा, आणि हे कलम त्याच्या देखत सर्व नातेवाइकांपुढे वाचावे.

पुरवणी. सहीआधी कागद वकीलबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या मागे हे वाचायचं, म्हणजे तुमच्या भावाने भांडायचं कोणाशी?" दादा तीन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याला बोलावले. त्याने चष्मा लावून चौथे कलम दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवून पेन मागितले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, रेडिओ हातचा जाईल, असे वकीलबाईंनी त्याला लिहून दाखवले.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "तो बोलला काय, न बोलला काय, मला सारखंच."

सबब रेडिओला वारस नाही. बाकी सर्व कलमे कायम.

लिहून ठेवणार: (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: अकरा मार्च, दुपार

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. (सही) मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. (सही) मजकूर वाचला. मी झोपलो नव्हतो. माझा हात खाटेच्या लाकडावर होता, दोन्ही वेळा हादरा लागला. काही हवं असलं की ते नेहमी तुलाच बोलवायचे. तू येतोयस असं समजून मी उठलो नाही.