एक ऑपरेटर जास्त

३ मार्च, मंगळवार

एक जास्त! तीनदा मोजलं. तरी एक जास्तच.

गाढवपणा माझाच. ‘रंग’ म्हणजे कणांवरच्या एका भाराचे प्रकार; त्यांची संख्या आम्ही नेहमी अनंत धरतो – मोजणी सोपी होते. चाचणीपुरते दोन रंग घातले होते, ते बदलायचे राहिले. दिवसभर चालून संगणकाने हे पुढ्यात टाकलं.

माझ्या मार्गदर्शक सरांचं अनुमान साधं आहे. कणांमधली परस्परक्रिया वाढवत नेली की ऑपरेटरांच्या – सिद्धांतातल्या गणिती राशींच्या – जोड्या जुळतात आणि त्यांची मूल्यं सरकतात. ज्यांना जोडीदार नाही ते जागचे हलत नाहीत. आणि असे न हलणारे सगळे आपल्याला ठाऊक आहेत. सगळे! आणि हा जास्तीचा त्यांच्यात नाही. माझा प्रबंध त्या अनुमानावरच उभा. नोकरीही.

शनिवारी सरांचा सत्कार – ऐंशी पूर्ण. या अनुमानावर बोलणार कोण? त्यांचा विद्यार्थी. मी.

४ मार्च

चूक सापडत नाही.

५ मार्च

सकाळी देवापुढे बसलो. मागितलं काय, तर माझी चूक निघू दे. म्हणजे खरं असलेलं खोटं कर! लाज वाटली. उठलो.

जेवताना हिला सांगितलं. म्हणाली, "जास्तच निघाला ना? कमी पडला असता तर घर उलथंपालथं केलं असतंत!" हसू आलं. मग वाढता वाढता – "सरांना कधी सांगणार? हार घातल्यावर?"



६ मार्च

विभागात समोरच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना तपासायला दिलं होतं. त्यांनी आपल्या पद्धतीने पुन्हा मोजलं. दारातूनच म्हणाल्या, "आहे हो तुमचा आगंतुक. रंग दोन असले की दिसतो, अनंत धरले की गायब."

म्हणजे आहेच.

गावच्या शाळेत गुरुजी चुकलेली पाटी पुसू देत नसत. "राहू दे. बघू दे सगळ्यांना." तेव्हा फार राग यायचा त्यांचा.

संध्याकाळी सरांच्या दारापर्यंत गेलो. घंटेवर बोट ठेवलं. दाबली नाही.

७ मार्च, शनिवार

सत्काराला न्यायला गेलो तेव्हा सांगून टाकलं. सर वाकून बुटाची नाडी बांधत होते. वर पाहिलंही नाही.

"दोन रंगांना ना?"

"हो."

"माहीत आहे रे. तुझा प्रबंध बांधणीला गेला होता, त्या आठवड्यात मलाही सापडला होता तो."