केवळराम मास्तरांचे कान

मूल गाव. मंगळवार, ३ मार्च १९८७
आज पुन्हा तीच कॅसेट. होस्टेल सोडताना रूमपार्टनरनं दिलेली. कॉलेजातून आणलेली कामाची चीज एवढीच. अर्जेंटिनाचं संगीत. चाल टँगो नाचाची, पण बसून ऐकायची. मागे सारा ऑर्केस्ट्रा, पुढे बँडोनियन, म्हणजे दोन्ही हातांनी ओढायची-दाबायची पेटी. सुनंदाला विहाराच्या ओट्यावर ऐकवली.
"हे पेटी रडून राह्यली का भांडून राह्यली?"
"दोन्ही."
"मंग तुह्यासारखीच हाय." हसली. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवार, ५
तिचे बाबा केवळराम मास्तर विहारात पेटी वाजवतात. जयंतीच्या गाण्यांची तालीम करतो म्हणून पेटी घरी मागून आणली.
"ने बाबू, पण जपजो. बायांनी धानाच्या रोवण्या करून, त्या मजुरीतून घेतलेली हाय."
बँडोनियनसारखी थरथर पेटीतून कशी काढायची ते उमगलं. एका स्वराला दोन पितळी जिभा, एक दुसरीपेक्षा किंचित चढी. आपल्या पेटीत जिभांच्या दोन ओळी आहेतच. एक ओळ जराशी खरवडली की झालं. ब्लेड घेतलं.

शुक्रवार, ६
जमलं! थेट कॅसेटसारखं. थरथर अगदीच थोडी, पण अंगावर काटा. सु.ला ऐकवीन तेव्हा...
संध्याकाळी पूर्वीसारखं करायला बसलो. नाही होत. गेलेलं पितळ परत लागत नाही. आणखी बिघडेल म्हणून झाकण लावलं. गुपचूप विहारात नेऊन ठेवली.

रविवार, ८
वंदना झाली. मास्तर वाजवायला बसले, दोन ओळींत थांबले. "पेटी थरथरून राह्यली काऊन?"
बाया म्हणाल्या, चांगली तं वाजते. तबल्यावरचा तुळशीराम म्हणाला, "मास्तर, कानात कापूस घालून आले का?" सगळे हसले.
मास्तर माझ्याकडे वळले. "विलास, तुले आयकू येते का?"
"नाई, मास्तर."
सु. समोर बसली होती. म्हणून.

बुधवार, ११
मास्तर राइस मिलमध्ये कामाला होते. मशीनचा पट्टा तुटायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगायचा हा माणूस. सु. म्हणाली, बाबा घरी कानाशी वाटी धरून वाजवून पाहतात. "म्हणते, कान गेले बा माहे."
मी तिच्यावरच उखडलो. "मंग डॉक्टरले दाखव ना! मले काऊन सांगून राह्यली?"
ती गेली. कॉलेजात सरांवर हात उगारून नाव कापून घेतलं, तेव्हाही चूक माझीच होती.

रविवार, १५
मास्तर पेटीवर बसलेच नाहीत. माझ्यापुढे सरकवली. "जयंतीले तूच वाजव. तुहे कान शाबूत हायेत."
वाजवलं. सु.नं पाहिलं. या नजरेसाठी वर्षभर तिच्या गल्लीतून सायकल फिरवली. आज माझीच मान वर झाली नाही.

मंगळवार, १७
भित्र्याची युक्ती. मास्तरांना कॅसेट ऐकवायची. अशी थरथर कोणी मुद्दामही करतं हे त्यांना कळलं की पुढचं आपोआप निघेल. टेप घेऊन गेलो. डोळे मिटून ऐकत होते. ऑर्केस्ट्रा थांबतो, बँडोनियन एकटं उरतं, तिथे त्यांनी हात वर केला.
"बंद कर, बाबू. हिच्यातबी तेच. आता दुनियेतली हरेक पेटी मले फुटकीच आयकू येईन."
सांगायला तोंड उघडलं होतं. टेप उचलून आलो.

गुरुवार, १९
सकाळीच पेटी खांद्यावर, पेचकस खिशात. मास्तर अंगणात बाजेवर. पेटी खोलली. त्यांचा अंगठा धरला, चांगल्या ओळीवर ठेवला. गुळगुळीत. मग दुसरीवर. ओरखडे.
"हे म्या केलं, मास्तर. त्या कॅसेटच्या नादानं. तुमचे कान बराबर हायेत."
त्यांनी हात सोडवून घेतला. मग स्वतःच अंगठा फिरवू लागले, एकेक जीभ, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्याकडे पाहिलं नाही.
आतून सु.चा आवाज. "कोन आलं, बाबा? चहा किती कप ठेवू?"
अंगठा शेवटच्या जिभेवर थांबला होता.
"बाबा? किती कप?"