आप्पा आणि नंदिगड्ड्याचा चढ

१२ नोव्हें., बुध. नंदिगड्डे

गाडी बसली. भर चढावर, गावाच्या अलीकडे. इंजिन चालू, रेस केली की नुसतं ओरडतं, चाक जागचं हलत नाही. जळका वास नाकातून जात नाहीये. आप्पा खाली उतरून बॉनेटकडे बघत म्हणाले, "आटोमॅटिक म्हनं!" जशी काही गाडी मीच बनवलीय.

बाप-लेकीला पुण्याहून निघून चौथा दिवस. जायचंय कन्याकुमारीला. त्यातले दोन दिवस इथून जवळच्याच रामनगरला नातेवाइकांत गेले आणि आज इथे जंगलात, कारण आप्पांना त्यांचा जुना रस्ता मला दाखवायचा होता. तीस वर्षं या भागात वडाप जीप चालवली, गावोगावची सीटं भरून. बहात्तर वय, पण प्रत्येक वळणाला एक किस्सा. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा "हो बाजूला" म्हणून स्टिअरिंगवर बसले ते बसलेच.

सांगायचं होतं ते पोटातच आहे. आप्पांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला बाजूचं दिसत नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टर मला म्हणाले. त्यांना फक्त डोळ्यांत घालायच्या थेंबांचं माहीत. संजूचं, म्हणजे भावाचं, आणि माझं ठरलं की प्रवासात मीच सांगायचं. चार दिवस तोंड उघडतेय नि मिटतेय. डावीकडे मी बसते, मी बघते, म्हणून चालवू देते, असं मनाला समजावते. भित्री आहे मी, दुसरं काय.

१३, गुरू. जोयडा

सकाळी दत्ता आला. जोयड्यात त्याचं गॅरेज. पंचविशीत आप्पांच्या हाताखाली जीप शिकला, अजून त्यांना वस्ताद म्हणतो, पाया पडतो. गाडी त्याच्या जीपला दोर बांधून आणली. आम्ही गॅरेजमागे त्याच्याच घरी.

दुपारी मला बाजूला घेतलं. "अक्का, क्लचप्लेट जळालीया. वस्तादच्या पायानं."

मग समजावलं. इथले जुने ड्रायव्हर चढावर थांबायचं झालं तर ब्रेक लावत नाहीत. अर्धा क्लच, थोडी रेस, गाडी जागेवर तोलून धरायची. ब्रेक लावणारा म्हणजे कच्चा. माझ्या गाडीत क्लचला पेडलच नाही, गाडी स्वतःच तो लावते-सोडते. तिला रेसवर तोलून धरली की आत प्लेट घासत बसते. आठवलं. म्हशी आडव्या आल्या तेव्हा, एसटीमागे, पुलापाशी, सगळीकडे आप्पा तोलत होते. आणि मी कौतुकानं बघत होते!

"त्यान्ला सांगू नगा. सुम्न ऱ्हावा," दत्ता म्हणाला. म्हणजे गप्प बसा. गप्प बसायला सांगणारे भेटतातच मला.

पण आप्पा येऊन उभेच राहिले. "काय जळालं? कशानं?" दत्ता पाना पुसायला लागला. मग मीच म्हणाले, "माझ्यामुळे आप्पा. खंबाटकीत मी रेसवर धरून ठेवत होते."

दहा मिनिटं झाडलं मला. पण चेहरा असा खुलला की काय सांगू. चार दिवसांत पहिल्यांदा दोनदा भात घेतला.

संध्या. - घोळ घातलाय मी. आप्पांनी संजूला फोन करून सांगितलं, "सुमीला घाट जमत न्हाई. फुडं समदी गाडी मीच चालिवतो." संजूचा मला मेसेज: हे काय चाललंय? काय सांगू, कपाळ?

१४, शुक्र.

प्लेट आली नाही. बेळगावहून बसनं टाकणार होते. तीनदा स्टँडवर जाऊन आले. कंडक्टर आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. हात शिवशिवतात. वाचायला घेतलं, एक पान पुढे गेलं नाही. दत्ताच्या अंगणात भाताची मळणी चाललीय, तिथे मदतीला गेले तर दत्ताच्या बायकोनं हसून सूप काढून घेतलं.

दुपारी आप्पांची शाळा. दत्ताची जीप चढावर उभी केली, मागच्या चाकामागे लिंबू ठेवलं. ब्रेक न लावता गाडी धरायची, लिंबू फुटलं की नापास. त्यांच्या वेळी नव्या ड्रायव्हरची हीच परीक्षा. दत्तानं म्हणे सात लिंबं फोडली होती. मी पाच, आणि एकदा जीप बंद.

"पायानं ऐकायचं, सुमे. कान न्हाई, पाय."

मग स्वतः बसले. जीप तसूभर हलली नाही. मी वाकून बघत होते, लिंबू आणि चाक यांत बोटभर फट, तेवढीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतका शहाणा पाय, आणि मी त्याला काय सांगणार आहे!

उद्या सांगते. नक्की.

१५, शनि.

नाही सांगितलं. त्याआधीच झालं.

सकाळी आप्पा म्हणाले, चला, जरा फिरवून आणतो. जीप आप्पांकडे, डावीकडे दत्ता, मी मागे. खाली उतरताना डावीकडच्या पायवाटेनं एक बाई गवताचा भारा घेऊन रस्त्यावर आली. मला दिसली, मी ओरडले. दत्तानं हँडब्रेक खेचला. जीप गचका देऊन बंद. भारा बॉनेटला लागून खाली पडला, बाई जागेवर उभी. हातभर अंतर.

"दिसत न्हाई व्हय रे?" ती म्हणाली. नुसतं म्हणाली, शिवी नाही.

दत्तानं उतरून भारा तिच्या डोक्यावर दिला. आप्पा म्हणाले, "मागनं सुमी बडबडत हुती, ध्यान गेलं." ओरडायच्या आधी मी एक शब्दही बोलले नव्हते.

तिला काही झालं असतं तर ते आप्पांनी नाही, मी केलेलं असतं. प्लेट संध्याकाळी आली. अजिबात आनंद झाला नाही.

१६, रवि.

दत्तानं पहाटेपासून प्लेट बसवली. नऊला दांडेलीहून एक जण लॅपटॉप घेऊन आला. गाडीला नवा क्लच शिकवावा लागतो म्हणे. चार मिनिटांत शिकली. आमच्या घरात कुणी इतक्या लवकर शिकत नाही.

सामान भरलं. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा दत्ताचा रिवाज. त्यानं जळकी प्लेट माझ्या हातात दिली, ती आप्पांनी घेतली. उन्हात धरली, अंगठा फिरवला, वास घेतला. बराच वेळ.

"खंबाटकीत जळाली असती तर निपाणीच्या फुडं आली नसती ही," आप्पा म्हणाले. "ही हितं जळालीया. दत्त्या?"

दत्ता जमिनीकडे बघत. "व्हय, वस्ताद."

"आनि तू माझ्यासाठी खोटं बोल्लीस."

मग माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं, मधे न थांबता. डॉक्टर, डोळा, संजू, कालची बाई. रडत होते बहुतेक. दत्ता आत निघून गेला.

आप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ती बाई मला दिसलीच न्हवती," म्हणाले. "भारा पडल्यावर कळलं कोन तरी हाय म्हनून." मग प्लेट बॉनेटवर ठेवली, गाडीकडे बघितलं. "तीस वरसं गाडीत त्याच जागंवर बसलोय. आता मी बसू कुठं, सुमे?"

माझ्या शेजारी बसा, एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी डिकी लावायला गेले.

साडेदहा. आप्पा नळावर हात धुतायत, वीस मिनिटं झाली. मी स्टिअरिंगवर बसून हे लिहितेय. सीट अजून त्यांच्या उंचीला आहे, माझे पाय नीट पोचत नाहीत. पुढे सरकवलेली नाही.