ढगांखालची पानं

खारी, भाईंदर पूर्व
२ जुलै २०२४

ती. ताईस,
संघर्षचा सप्रेम जयभीम.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून पत्र. तुझ्या पुण्याच्या नोकरीचे पेढे आईने सगळ्या बिल्डिंगला वाटले. शेजारच्या जितेंद्रभाईंनी तर दीदी सॅटेलाइट कब उडाएगी, असं मलाच विचारलं. त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता, हे कुणाच्या लक्षातही नाही. मी इथे जवळच, हाटकेश भागातल्या ऑफिसात बिल्डरांचे नकाशे काढतोय. तू नेमकं काय करतेस, हे आई रोज मला विचारते. एकदा लिहून कळव, म्हणजे मी सुटलो.

जळत असलो तरी तुझाच,
संघर्ष

पुणे
१२ जुलै

चि. संघर्षास,
जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

आईला सांग, झाडं उन्हात पानांतून प्राणवायूसोबत आणखी एक वायू सोडतात. तो गाड्यांच्या धुरात मिसळला की हवा आणखी बिघडते. वायू किती सुटतो हे काढायला आधी पानं किती ते लागतं. ती उपग्रह मोजतो, आकडे साफ करून देणं माझं काम. पण पावसाळ्यात मध्ये ढग येतात, आणि माझ्या मागच्या वर्षांच्या आकड्यांत ऐन श्रावणात सह्याद्रीची पानगळ होतेय! महिनाअखेरीस ऑफिसातल्या सरांना द्यायचंय. कॉलेजात हे काम तू माझ्यापेक्षा चांगलं करायचास. करशील मदत? आकडे मेलवर पाठवलेत. आईच्या हातची सुकट रोज तुझ्या ताटात, मी इथे मेसचा डबा खातेय. मलाही हेवा वाटतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
पंचशीला

भाईंदर
२२ जुलै

ती. ताईस,
जयभीम.

तुझं अडलंय हे वाचून आधी मला बरंच वाटलं. उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं. आईने चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाली, बहिणीचं अडल्याचा आनंद झाला असेल तर पोटभर जेव, मग तिला मदत कर.

तर ढगाची खूण असलेले आकडे सरळ काढून टाकले. आधीनंतरच्या स्वच्छ दिवसांवरून आणि बाकीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्यांवरून मधली भोकं भरली. आपल्या इथे इमारती आणि झाडं उपग्रहाच्या चित्रातल्या एकाच चौकोनात येतात, त्यामुळे पानं नसल्यासारखीच दिसतात. तिथे फक्त झाडांच्या भागापुरता हिशेब केला. फाईल मेलवर टाकलीय. अहवालात माझं नाव आलं पाहिजे.

वाट बघणारा,
संघर्ष

पुणे
३ ऑगस्ट

चि. संघर्षास,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडता.

मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, हे ढगांचं कुणी निस्तरलं. मी तुझं नाव सांगितलं. मग तुझंच कौतुक चाललं. बाकी सगळं काम माझं, त्याबद्दल चकार शब्द नाही. परतताना रिक्षात रडले. अहवालावर तुझं नाव माझ्या वर नेलं, खाली आणलं, शेवटी डोळे मिटून वरच ठेवलं. सर तुला सहा महिन्यांसाठी बोलावतायत. त्यांचा नंबर मागे लिहिलाय, फोन कर.

आज फार गोड लिहवत नाही.
ताई

भाईंदर
९ ऑगस्ट

ती. ताईस,
जयभीम.

पत्र वाचून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग आईला वाचून दाखवायला बसलो आणि रिक्षापाशी पत्र तिच्याच हातात दिलं. पुढचं वाचताच येईना.

सरांना फोन केला. सोमवारी येतोय. तुझ्याच शेजारचं टेबल देणार म्हणाले. बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण खुर्ची जरा सरकवून ठेव.

तुझा धाकटा,
संघर्ष