तपकिरी डोळ्यांच्या माश्या

१४ जानेवारी २००१

श्रीधरचा खडकीहून पुन्हा फोन. "ताई, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, पॅकेज उत्तम, पत्रिकाही जुळते." पॅकेज म्हणे! पुण्यात हल्ली नवरामुलगा मिळत नाही, पॅकेज मिळतं.

वल्लरी मुलगी त्याची, पण राहते माझ्याकडे, सदाशिव पेठेत, आणि फळमाश्यांवर पीएच.डी. करते. मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पोरीच्या जोडीदाराचं वाण मी तपासणार. पत्रिका श्रीधरने बघत बसावं.

१६ जानेवारी

वल्लरीचा प्रयोग सुरेख चाललाय! लाल डोळ्यांचे नर धट्टेकट्टे. तपकिरी डोळ्यांचे पिढ्यान्पिढ्या सख्ख्या भावंडांच्याच मीलनातून आलेले — दुबळे. दोघेही मादीभोवती पंख थरथरवत फिरतात. मादी तपकिरीला लाथ मारते. अक्षरशः लाथ! टाचणीच्या डोक्याएवढ्या जिवाला कळतं, माझ्या भावाला नाही.

२१ जानेवारी, रविवार

पाहुणे येऊन गेले. मुलगा अभिनव. मातोश्रींनी विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" वल्लरी म्हणाली, "माश्यांचा येतो. रवा, गूळ, यीस्ट." मातोश्रींचा पोह्यांचा चमचा तोंडापाशीच थांबला. मुलगा मात्र खो-खो हसला. मग, "माश्या बघायला मिळतील?" दोघं लॅबवर गेली ती संध्याकाळीच परतली.

मुलगा उंच, दात सरळ, चष्मा नाही. माझ्याकडून पास.

२८ जानेवारी

दोघं पुन्हा लॅबवर. म्हणे बाटल्या भरायला मदत! रविवारी?

३० जानेवारी

घात झाला! माद्या अचानक तपकिरींनाही पसंत करू लागल्या. मला पटेना. लॅबमध्ये जाऊन भिंगाखाली बघितलं — 'लाल'च्या बाटल्यांत तपकिरी, 'तपकिरी'त लाल! दोन्ही वाणं एकमेकांत मिसळली. महिन्याची मेहनत गेली. वल्लरी रडली. तिचे सर म्हणाले, "अहो, एवढं कसं दिसलं नाही?" तेवढ्यात वल्लरीचा फोन मिळालेला अभिनव धावत आला. "सर, चूक माझी. रविवारी मी होतो बरोबर."

इंजिनिअर ना हा? लाल आणि तपकिरी कळत नाही?

२ फेब्रुवारी

त्याला मुद्दाम मंडईत नेलं. "पिकलेले टोमॅटो निवड रे." पठ्ठ्या एकेक दाबून बघतो, हुंगतो! भाजीवाली म्हणाली, "दादा, डोळे कशाला दिलेत देवाने?"

मला हवं ते कळलं. रंगांधळा आहे. हा दोष आईकडून मुलाला येतो. बापाकडून मुलींकडे जातो, त्यांच्यात लपून राहतो आणि त्यांच्या मुलांत वर येतो. वर्गात शंभरदा फळ्यावर काढलंय. श्रीधरची पत्रिका छत्तीस गुण जुळवेल, हे एक सांगणार नाही. मी सांगणार! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खरं बोलताना आवाज खाली आणायचा नाही. आजवर आणलेला नाही.

मुलगा आवडला होता. नापास.

४ फेब्रुवारी

वल्लरीसमोर सगळं आकृती काढून मांडलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आत्या, रंगांचं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला. म्हणून तर माश्या मी निवडल्या, बाटल्याही मीच भरल्या. तो फक्त बाटल्यांना कापसाचे बोळे लावत होता. गप्पांत माझंच लक्ष नव्हतं. सरांपुढे त्याने अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. ते आज सकाळी निस्तरलं, सरांना फोन केला. बाबांनाही होकार कळवलाय."

"आणि मला?"

"तुला आत्ता सांगितलं ना!"

सगळ्यांत शेवटी. मला!